लेकरांचे एक्स-रे, सोनोग्राफी, सिटी स्कॅन, एमआरआय : सोलापूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. बार्शी, करमाळा, सांगोला, अक्कलकोट, शिवाय तुळजापूर, इंडी, आळंद इथूनही लेकरं तपासणीसाठी येतात. आई-वडील चिठ्ठी पुढे करतात आणि दारातच प्रश्न सुरू होतात. तिथे रांग असते, लेकरू रडत असतं, उत्तर अर्धवट राहतं. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला सोडून यावर चालू नका. पण त्यांना काय विचारायचं, ते यावरून नक्की कळेल.

एवढ्याशा लेकराचा फोटो काढायचा? रेडिएशनचा त्रास होणार नाही का?

छातीच्या एका एक्स-रेत लेकराला मिळणारं रेडिएशन साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप) किंवा त्याहून कमी असतं. जमिनीतून, आकाशातून, अन्नपाण्यातून आपल्या सगळ्यांच्याच अंगात रेडिएशन जात असतं, जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट. म्हणजे छातीचा एक फोटो म्हणजे नुसतं जगण्यातून मिळणारं तीन दिवसांचं रेडिएशन. धाप लागलेल्या, श्वास घेताना बरगड्या आत ओढणाऱ्या लेकराचा फोटो या भीतीपायी टाळू नका. फोटो काढून झाला की अंगात किंवा खोलीत काही उरत नाही, त्यामुळे घरी जाऊन आंघोळ घालायचीही गरज नाही.

साध्या सर्दी-खोकल्याला मात्र ‘आलोच आहोत तर एक फोटो काढून टाका’ असं म्हणू नका. त्याने उपचारात काही बदलत नाही.

मग सिटी स्कॅन म्हटलं की तुम्ही का थांबवता?

डोक्याच्या एका सिटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट जातं, म्हणजे छातीच्या शंभर फोटोंएवढं. पोटाच्या सिटीत याहून जास्त. लेकराच्या पेशी भराभर वाढत असतात, त्यामुळे त्यांना इजा लवकर पोचते. शिवाय त्याच्यापुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं. इजेचा परिणाम दिसायला वर्षं लागतात आणि तेवढी वर्षं त्याच्यापाशी असतात. साठीतल्या आजोबांचा आणि तीन वर्षांच्या नातवाचा हिशोब म्हणून एक नाही.

२०१२ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा अंदाज असा : दहा वर्षांखालच्या मुलांच्या डोक्याचे १०,००० सिटी काढले, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कॅन्सरचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक रुग्ण जादा दिसेल. धोका लहान आहे, पण शून्य नाही. गरजेच्या सिटीचा फायदा यापेक्षा कितीतरी मोठा असतो. बिनगरजेच्या सिटीत मात्र फायदा काहीच नाही आणि धोका तेवढाच राहतो.

अमेरिकेतल्या बालरेडिओलॉजिस्टांनी २००८ साली ‘इमेज जेंटली’ नावाची मोहीम सुरू केली. मशीनची सेटिंग लेकराच्या वजनाप्रमाणे कमी करा, गरजेपुरताच भाग घ्या, डाय (शिरेतून द्यायचं, स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) न देता एकदा आणि देऊन एकदा असा दोनदा स्कॅन सहसा करू नका, हे तिचं सांगणं. तुम्हीही निःसंकोच विचारा : हेच सोनोग्राफीत कळेल का? सेटिंग लहान मुलांची आहे का? असं विचारलेलं चांगल्या ठिकाणी कुणाला खटकत नाही.

बाळ पलंगावरून पडलं. लगेच डोक्याचा सिटी काढू का?

हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा येतो, बहुतेक रात्री. आई घाबरलेली, आजी स्वतःला दोष देत असते आणि ज्याच्यासाठी सगळे धावत आलेले असतात ते बाळ कडेवर बसून माझ्या गळ्यातलं ओळखपत्र ओढत असतं. अशा बाळाला सहसा सिटी लागत नाही.

हे नुसत्या अंदाजाने सांगत नाही. अमेरिकेत ४२ हजारांहून जास्त मुलांची पाहणी करून २००९ साली डोक्याच्या माराचे नियम ठरवले गेले. दोन वर्षांखालच्या बाळात डॉक्टर हे बघतात : बाळ नेहमीपेक्षा वेगळं वागतंय का, पाच सेकंद किंवा जास्त वेळ शुद्ध हरपली होती का, कपाळ सोडून बाजूला किंवा मागे टेंगूळ आहे का, हाताला कवटीचं हाड खचलेलं लागतंय का, आणि मार जोराचा होता का. तीन फुटांहून उंचावरून पडणं हा या वयात जोराचा मार धरतात. यातलं काहीच नसेल, तर गंभीर इजा निघण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी असते. हाड खचलेलं लागत नसेल, बाळ गुंगीत नसेल आणि बाकीची एखादीच गोष्ट असेल, तर बहुतेकदा चार-सहा तास दवाखान्यात नजरेखाली ठेवणं पुरतं. कपाळावरचं टेंगूळ दिसायला भयंकर, पण त्यामानाने कमी काळजीचं. कानामागे किंवा डोक्याच्या बाजूला आलेली मऊ सूज मात्र मला जास्त धास्तावते.

बाळ गुंगीत असेल, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, झटका आला असेल, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येत असेल, तर एकही मिनिट घरी घालवू नका. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची आपल्याकडे सवय आहे. गच्चीवरून किंवा चालत्या मोटारसायकलवरून पडलेल्या लेकराचा सिटी काढायला मी कधी आडकाठी करत नाही.

एक गैरसमज इथेच काढते. मार लागल्यावर लेकराला झोपूच द्यायचं नाही, असं काही नाही. झोपेची वेळ असेल तर झोपू द्या, पण मधून मधून उठवून बघा, नेहमीसारखं जागं होतंय ना.

तापात झटका आला. मेंदूचा स्कॅन करायचा का?

सहा महिने ते पाच वर्षांचं लेकरू, अंगात ताप, सगळं अंग कडक होऊन आलेला एकच झटका, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेला, आणि नंतर लेकरू पूर्ववत : या साध्या तापाच्या झटक्याला स्कॅन लागत नाही. ताप नसताना किंवा अंगाच्या एकाच बाजूला झटका आला, तर गोष्ट वेगळी. आपल्या देशात अशा मुलांच्या मेंदूत टीबीची गाठ किंवा फीतकृमीच्या अंड्यांमुळे झालेली गाठ वरचेवर सापडते. दोन्हींवर औषध आहे. तिथे शक्यतो एमआरआय करतो.

फोटो काढताना लेकराला कोणी धरायचं?

वडील, आजी, मामा, कोणीही चालेल, फक्त गरोदर बाई नको. दिवस गेले असण्याची नुसती शंका असेल तरी आधी सांगा. धरणाऱ्याने शिशाचा एप्रन घालायचा. ‘तुम्हीच धरा ना, तुम्हाला सवय आहे’ असं आमच्या टेक्निशियनला म्हणू नका. ते दिवसाला चाळीस-पन्नास फोटो काढतात.

धरण्याची रीत साधी आहे. बाळाचे दोन्ही हात कानांना चिकटवून वर धरायचे, डोकं सरळ ठेवायचं, दुसऱ्याने गुडघे दाबून धरायचे. बाळ रडलं म्हणून कासावीस होऊ नका. रडता रडता ते मध्येच खोल श्वास घेतं, टेक्निशियनची नजर त्या वेळी पोटावर असते आणि श्वास भरला की बटण दाबलं जातं. श्वास सुटलेल्या क्षणी काढलेल्या फोटोत फुप्फुसं पांढुरकी आणि हृदय मोठं दिसतं, आणि मग नसता आजार मागे लागतो.

चार-पाच वर्षांच्या मुलांशी त्यांच्याच भाषेत बोललं की निम्मं काम होतं. मराठी मुलाला ‘हलू नको बाळा’, विणकर वस्तीतल्या तेलुगू बोलणाऱ्या मुलीला ‘कदलकु’, अक्कलकोटकडच्या कन्नड पोराला ‘अल्लाडब्याड’. आमच्या टेक्निशियनला हे तिन्ही येतं. तुम्ही स्वतः घरच्या भाषेत सांगितलंत तर त्याहून बरं.

पोटावर शिशाचं कापड का टाकलं नाही?

पूर्वी टाकायचे. २०१९ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने ही रीत थांबवायला सांगितली. कापड हलून नेमका बघायचा भाग झाकला तर फोटो पुन्हा काढावा लागतो. मशीन स्वतः किरण ठरवणारं असेल, तर ते शिसं आड आल्यावर उलट जास्त किरण सोडतं. शरीराच्या आत पसरणारे किरण तर बाहेरच्या कापडाने अडतच नाहीत. बघायचंच असेल तर फोटोआधी पडणारा उजेडाचा चौकोन बघा. छातीच्या फोटोत तो छातीपुरताच असावा, हनुवटीपासून मांडीपर्यंत नसावा. खरा बचाव त्यात आहे.

करदोटा, वाळे, ताईत काढलेच पाहिजेत का?

हो, आणि शक्यतो घरूनच काढून या. अगदी सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाच्या पोटाच्या फोटोत मूत्राशयाच्या जागी मला पांढरा ठिपका दिसला. मी जवळजवळ मुतखडा लिहिणार होते. मुलाला परत बोलावलं, चड्डी खाली केली, तर करदोट्यात ओवलेली चांदीची इवलीशी पेटी. तेव्हापासून फोटोआधी मी स्वतः बघते. मुलींची तेल लावलेली घट्ट वेणी खांद्यावर आली तर फुप्फुसाच्या टोकाशी डाग उठतो. वेणी वर बांधा.

एमआरआयसाठी तर काहीही धातूचं चालत नाही, लेकराच्या अंगावर नाही आणि सोबत आत येणाऱ्या आईच्याही नाही. मंगळसूत्र, जोडवी, साडीची पिन, केसातले आकडे, सगळं बाहेर. तो चुंबक स्कॅन नसतानाही, रात्रीसुद्धा चालूच असतो. कानात मशीन बसवलेलं असेल, डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) असेल, शरीरात कुठेही स्क्रू-प्लेट असेल, तर नंबर लावतानाच सांगा.

श्रद्धेचा धागा काढायला लागतो म्हणून काही आज्यांना वाईट वाटतं, ते मला कळतं. तो तुमच्याच मुठीत ठेवा आणि बाहेर आल्यावर पहिल्यांदा बांधा.

शेंगदाणा अडकल्याची शंका आहे. फोटो नॉर्मल आला, तरी डॉक्टर दुर्बीण घालायची म्हणतात. का?

कारण शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. चिंचोका, हरभरा, डाळिंबाचा दाणाही सहसा दिसत नाही. आपलं गाव शेंगांच्या चटणीचं. घराघरात दाणे भाजले जातात, परातीत गार होत असतात, आणि दीड-दोन वर्षांचं पोर मूठ भरून पळतं. हसताना, पळताना एक दाणा श्वासनलिकेत जातो. जोराचा ठसका लागतो, चेहरा लाल होतो, आणि थोड्या वेळाने सगळं शांत. घरचे म्हणतात, गेला गिळून. दाणा मात्र आतच फुगत असतो.

अशा वेळी आम्ही दाणा शोधत नाही, त्याच्या खुणा शोधतो. अडकलेल्या बाजूला हवा आत जाते पण बाहेर पडत नाही, म्हणून ते फुप्फुस दुसऱ्यापेक्षा जास्त काळं आणि फुगलेलं दिसतं. श्वास सोडल्यावरचा किंवा कुशीवर झोपवून काढलेला फोटो यासाठीच असतो. तरीही कित्येक मुलांचा फोटो अगदी स्वच्छ येतो. म्हणून ठसका लागल्याची हकिकत फोटोपेक्षा मोठी. ‘दाणे खाता खाता एकदम ठसका लागला होता’ हे वाक्य डॉक्टरांना सांगायला विसरू नका, पंधरा दिवस उलटून गेले असले तरी. तीन महिने दम्याचा उपचार घेतलेल्या एका मुलीच्या बाबतीत हे वाक्य शेवटी तिच्या आजीने सांगितलं आणि त्याच दिवशी निदान झालं.

चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा देऊ नका. कूट द्या, चटणी द्या.

नाणं किंवा सेल गिळला तर?

नाणं पोटात उतरलं असेल तर बहुतेकदा शीवाटे पडतं. अन्ननलिकेत अडकलं तर काढावं लागतं. बटणसेलचं मात्र सगळं वेगळं. रिमोट, खेळणी, वजनकाटा यातला तो चकचकीत चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतली त्वचा जाळू लागतो. फोटोत तो नाण्यासारखाच गोल दिसतो, पण नीट बघितलं तर कडेला दुहेरी वर्तुळ असतं. शंका असली तरी उलटी काढायला जाऊ नका, उद्या बघू म्हणू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि दारातच ‘सेल गिळलाय’ म्हणून सांगा.

छातीच्या फोटोत ‘सावली’ आहे म्हणाले. टीबी आहे का?

बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर आधी हे वाचा. लहान बाळांच्या छातीत हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी असते. ती त्या वयात मोठीच असते आणि फोटोत होडीच्या शिडासारखी एका बाजूला पसरलेली दिसते. तो आजार नव्हे. शंका वाटली तर सोनोग्राफीत पाच मिनिटांत खात्री होते.

टीबी लेकरांत असतोच, आणि तो बहुतेकदा फुप्फुसाच्या मुळाशी सुजलेल्या गाठींच्या रूपात दिसतो. पण नुसत्या फोटोवर टीबीचा शिक्का बसत नाही. घरात कोणाला टीबी आहे का, वजन घटतंय का, जठरातल्या पाण्याची किंवा बेडक्याची तपासणी काय म्हणते, हे सगळं जुळवावं लागतं. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

पोटदुखी आणि उलट्यांना आधी सोनोग्राफीच का?

लेकरं बारीक असतात, चरबी कमी, त्यामुळे सोनोग्राफीत त्यांचं पोट मोठ्या माणसांपेक्षा स्पष्ट दिसतं. आणि रेडिएशन अजिबात नाही. सुजलेलं अपेंडिक्स, किडनीची सूज, सगळं आधी इथेच बघतो.

महिन्या-दीड महिन्याच्या बाळाची उलटी पिचकारीसारखी लांब उडत असेल, तर जठराच्या तोंडाचा स्नायू मोजतो. तो ३ मिलिमीटरहून जाड निघाला तर ऑपरेशन लागतं, आणि त्यानंतर बाळ छान पितं. सहा महिने ते दोन वर्षांचं बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, पाय पोटाशी घेत असेल, शी लालसर चिकट होत असेल, तर आतड्यात आतडं शिरल्याची शंका असते. सोनोग्राफीत ते वर्तुळात वर्तुळ असं दिसतं. वेळेत आलात तर गुदद्वारातून हवा किंवा पाणी सोडून ते बहुतेकदा ऑपरेशनशिवाय सुटतं. उशीर झाला तर आतडं काळं पडतं. जंत झाले असतील म्हणून दोन दिवस घरी काढू नका.

टाळूतून सोनोग्राफी? मेंदूला दाब बसत नाही का?

नाही. टाळू ही हाडांमधली खिडकी आहे. कोमट जेल लावून प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग, नुसता टेकवतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत रक्तस्राव झाला का ते पहिल्या आठवड्यात बघतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा. साधारण दीड वर्षापर्यंत टाळू भरून येते, मग ही खिडकी बंद.

पायाळू बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी सांगितली आहे. बाळ तर नीट पाय हलवतंय.

तरी करा. पायाळू बाळात, किंवा घरात कोणाचा खुबा जन्मतः सरकलेला असेल तर, ही तपासणी सहा आठवड्यांच्या सुमारास करायची. सुरुवातीच्या महिन्यांत खुब्याचा गोळा कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो, एक्स-रेत दिसतच नाही. तेव्हा सापडलं तर पट्ट्यावर बरं होतं. चालायला लागल्यावर सापडलं तर ऑपरेशनची वेळ येते.

मालिश झाल्यावर बाळाचे पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळायची पद्धत मात्र सोडा. हात-छाती गुंडाळा, पाय बेडकासारखे मोकळे राहू द्या. मान धरू लागल्यावर कडेवर घेण्याची आपली पद्धत खुब्यासाठी उत्तम आहे.

उंची वाढत नाही म्हणून हाताचा फोटो कशाला?

डाव्या मनगटाची हाडं वयाप्रमाणे ठराविक क्रमाने उमटतात. ती बघून हाडांचं वय काढतो. त्याच फोटोत मुडदूसही दिसतो, हाडांची टोकं कपासारखी खोलगट आणि विसविशीत झालेली असतात.

एमआरआयला झोपेचं औषध द्यावंच लागतं का?

एमआरआयमध्ये रेडिएशन नाही, पण अर्धा-पाऊण तास निपचित पडावं लागतं आणि मशीन धडधड आवाज करतं. तीनेक महिन्यांखालचं बाळ पोटभर पाजून, गुंडाळून, कान झाकून औषधाशिवाय झोपतं. सहा-सात वर्षांपुढची समजूतदार मुलं आईचा पाय हातात धरून तशीच पडतात. मधल्या वयाला औषध लागतं, कधी भूल.

उपाशी ठेवण्याचा नियम : जेवण किंवा वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. ताक, डाळीचं पाणी हे पाण्यात धरायचं नाही. एप्रिल-मेच्या सोलापुरात लेकराला सकाळपासून कोरडं ठेवू नका, दोन तास आधीपर्यंत पाणी पाजा आणि सकाळचाच नंबर मागा.

आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा. करमाळ्याहून येणारी लेकरं एसटीत मस्त झोपून येतात आणि इथे उतरल्यावर टक्क जागी असतात. मग औषधही चढत नाही. वाटेत गप्पा मारा, खिडकी दाखवा, जागं ठेवा.

औषध दिलेल्या लेकराला नीट जागं झाल्याशिवाय घरी नेऊ नका. दोघांच्या मध्ये बसवून टू-व्हीलरवर तर नकोच. गुंगीत मान पुढे पडते आणि श्वास अडतो.

एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) शेजारच्या बाळाचा फोटो काढतात, आमच्या बाळाला लागतं का?

एक-दोन मीटरवर पोचणारे किरण नगण्य असतात. बाळाला हलवायची गरज नाही.

खर्चाचं काय?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाच्या तपासण्या वर्षाचं होईपर्यंत सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, इथे आधी विचारा. अंगणवाडी-शाळेत तपासायला येणारं पथक २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. त्यांनी दिलेली चिठ्ठी जपून ठेवा, पुढच्या तपासणीला ती उपयोगी पडते.

जुन्या फिल्म आणायच्या का? मोबाइलवर फोटो आहे.

फिल्मच आणा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत ट्यूबलाइटचा उजेड चमकतो आणि बारीक रेषा हरवतात. जुनी फिल्म शेजारी लावली की डाग नवा की जुना ते लगेच कळतं, आणि पुष्कळदा नवी तपासणीच टळते. आठ दिवसांत तीन ठिकाणी तीन सिटी झालेलं लेकरू मी बघितलं आहे, फक्त पहिली फिल्म गावाकडे राहिली म्हणून. सीडी मिळत असेल तर तीही मागून घ्या.

लेकराच्या नावाची एक फाइल करा, वर जन्मतारीख लिहा. फिल्म दुमडू नका, आणि पत्र्याखाली किंवा उन्हात गाडीत ठेवू नका. हल्लीच्या फिल्म उष्णतेवर छापल्या जातात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या काळ्या पडतात. कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवलेली फिल्म चांगली टिकते.